लखोटा आणि फलक

१८४४ सालच्या पूर्वार्धात लंडनमध्ये राहणाऱ्या एका इटालियन निर्वासिताला आपल्या पत्रांविषयी संशय येऊ लागला. पत्रे उशिरा येत, आणि मोहोर पुन्हा बसविल्याची चिन्हे त्यांवर दिसत. तेव्हा त्याने एक साधी युक्ती योजिली. मित्रांनी त्याच्या नावे टपालात टाकावयाच्या पत्रांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण, एखादा केस अशा वस्तू घालावयाच्या आणि पत्र हाती पडल्यावर त्या जागच्या जागी आहेत की नाहीत हे पाहावयाचे. त्या नाहीशा झालेल्या आढळल्या. टपालखात्यातील कोणा अज्ञात कारकुनाने पत्र फोडले होते, वाचले होते, उतरून घेतले होते आणि मोठ्या कौशल्याने पुन्हा बंद केले होते. पण खसखशीचा हिशेब त्याला ठेवता आला नव्हता.

हा निर्वासित म्हणजे जोसेफ मॅझिनी. त्याचे नाव महाराष्ट्राला परके नाही. परंतु मॅझिनीच्या या पत्रांच्या प्रकरणाकडे आपल्याकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही. राज्यसंस्थेने जहाल मतांच्या माणसांवर पाळत कशी ठेवावी आणि कोठवर ठेवावी, हा जो प्रश्न आज आंतरजालावरील चर्चाफलकांच्या निमित्ताने सर्व जगाला भेडसावीत आहे, त्याची बहुतेक सर्व अंगे त्या एका प्रकरणात दिसून येतात. म्हणून प्रारंभी त्याकडे वळणे योग्य होईल.

मॅझिनीने आपली तक्रार डंकम नावाच्या पार्लमेंटच्या सभासदापुढे मांडली, आणि १४ जून १८४४ रोजी तिचा अर्ज कॉमन्स सभेत दाखल झाला. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांनी पत्रे फोडण्याचा हुकूम आपल्या सहीने दिला होता. कायद्याने त्यांना तसा अधिकार होता आणि त्यांनी सभागृहात तो नाकारलाही नाही. तथापि, तो का वापरला हे सांगण्याचे त्यांनी साफ नाकारले. याच सुमारास ऑस्ट्रियाच्या आरमारातील बांदिएरा नावाचे दोघे अधिकारी बंधू, जे मॅझिनीशी पत्रव्यवहार ठेवीत असत, बंडाच्या उद्देशाने इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरले. ते पकडले गेले आणि २५ जुलै रोजी कोसेंझाजवळ आपल्या सात साथीदारांसह गोळ्यांना बळी पडले. इंग्लंडच्या टपालात वाचलेला मजकूर परकीय सरकारच्या कानी गेल्यामुळेच हे घडले, असा आरोप मॅझिनीने केला. पार्लमेंटच्या चौकशी समितीने परकीय सत्तेला काही माहिती दिल्याचे मान्य केले. मात्र तीमुळे कोणाच्या जिवाला धोका पोहोचेल असे तीत काही नव्हते, असा निर्वाळा दिला. यातील सत्यासत्याचा वाद इतिहासकारांत अद्यापि चालू आहे.

इंग्रज जनतेचा क्षोभ मात्र निर्विवाद होता. मॅझिनीची मते ज्यांना मान्य नव्हती अशा कार्लाईलसारख्या माणसानेही ‘टाइम्स’ला पत्र लिहून त्याच्या चारित्र्याची ग्वाही दिली आणि बंद लखोट्याचे पावित्र्य राखले पाहिजे असे बजाविले. लोक आपल्या पाकिटांवर गृहमंत्र्यांची टिंगल करणारे शेरे लिहू लागले. परिणामी टपालखात्यातील गुप्त कचेरी व सांकेतिक लिपी उलगडणारी शाखा त्याच वर्षी बंद करण्यात आली. पण येथे एक गोष्ट लक्षात ठेविली पाहिजे. कचेरी बंद झाली, अधिकार मात्र रद्द झाला नाही. हुकूम काढून पत्र फोडण्याची मुभा कायद्यात होती तशीच राहिली. लोकांचा संताप यंत्रणेवर पडला, आणि ज्या सहीवर ती यंत्रणा चालत होती ती सही मोकळी सुटली.

यानंतर सुमारे साठ वर्षांनी याच लंडनमध्ये याच मॅझिनीचे चरित्र एक मराठी तरुण मराठीत उतरवीत बसला होता. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ साली हायगेट भागात उघडलेल्या ‘इंडिया हाऊस’मध्ये विनायक दामोदर सावरकर १९०६ साली राहावयास आले, आणि त्यांनी केलेला मॅझिनीच्या आत्मचरित्राचा अनुवाद १९०७ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. ज्याची पत्रे फोडली गेली त्याचेच विचार वाचणाऱ्यांची पत्रे आता फोडली जाणार होती.

इंडिया हाऊसवरील पाळतीची कथा अनेकदा सांगितली गेली आहे. मला तीतील एकाच सूत्राकडे लक्ष वेधावयाचे आहे. श्यामजींच्या ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ या मासिकाला १९०७ साली हिंदुस्थानात आणण्यास बंदी झाली. बंदी घालण्यासाठी जो कायदा हाताशी घेण्यात येई तो राजद्रोहाचा नव्हे. तो होता १८७८ चा सागरी जकातीचा कायदा. निषिद्ध माल म्हणून जशी एखादी पेटी गोदीत अडवावी, तसा विचार अडविण्याचा हा प्रयत्न होता. सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथावर तर तो प्रसिद्ध होण्यापूर्वीच बंदी आली. तो १९०९ साली हॉलंडमध्ये छापला गेला आणि निराळ्याच वेष्टनांतून वाट काढीत हिंदुस्थानात पोहोचला.

१ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये कर्झन वायलींचा वध केला. सरकारने ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’च्या इंग्रज मुद्रकावर खटला भरला, त्याच्या जागी दुसरा इंग्रज मुद्रक, गाय ऑल्ड्रेड, पुढे आला, तेव्हा त्यालाही बारा महिन्यांची शिक्षा दिली. मासिक थांबले काय? ते पॅरिसहून निघू लागले. त्याच वर्षी मादाम कामांचे ‘वंदे मातरम्’ हे नवे पत्र जिनीव्हाहून सुरू झाले. लंडनमध्ये जे छापले जात होते ते निदान लंडनच्या पोलिसांच्या डोळ्यांसमोर होते; आता ते खाडीपलीकडे गेले. हिंदुस्थान सरकारला आपला स्वतंत्र माणूस युरोपात ठेवण्याची निकड भासली. मुंबई इलाख्यातील पोलीस अधिकारी जॉन वॉलिंजर यांची १९०९ साली या कामी लंडनला नेमणूक झाली, आणि तीतूनच पुढे ‘इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्स’ ही संस्था उभी राहिली. आणि हे सारे होत असता, पाळत चालू असलेल्या त्याच इंडिया हाऊसमधून वीस ब्राउनिंग पिस्तुले एका आचाऱ्याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईस येऊन पोहोचली होती. त्यांतील एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन मारला गेला. मासिकाच्या ओळीन् ओळीचे टिपण करणाऱ्या खात्याला ती पेटी दिसली नाही.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. आपल्या देशभक्तांची तुलना आजच्या अत्याचारी टोळ्यांशी करण्याचा माझा हेतू यत्किंचितही नाही. परकीय सत्तेविरुद्ध उठलेले लोक आणि निरपराध नमाजींवर बंदूक चालविणारा मारेकरी यांना एका पारड्यात घालणे हा इतिहासाचा विपर्यास होय. परंतु पाळत ठेवणाऱ्याचे टेबल मात्र दोन्ही वेळी सारखेच असते. समोरचा माणूस कोण यावर त्याच्या फाइलीचा रंग बदलत नाही. तुलना आहे ती या टेबलाची.

टेलिफोनच्या तारेवरून संगणकाला संगणक जोडून सार्वजनिक सूचनाफलक चालविण्याचा पहिला प्रयोग शिकागो शहरात १९७८ साली झाला. पुढच्या पाच-सहा वर्षांतच अमेरिकेतील वर्णद्वेष्ट्या मंडळींनी हे साधन उचलले. १९८४ साली लुई बीम या कू क्लक्स क्लॅनच्या पुढाऱ्याने ‘आर्यन नेशन लिबर्टी नेट’ नावाची फलकांची साखळी सुरू केली. तिच्या चालकांना तिचा एक मोठा फायदा दिसला तो मोठा बोधप्रद आहे: कॅनडाच्या जकात अधिकाऱ्यांनी द्वेषमूलक छापील वाङ्मयास सरहद्दीवर बंदी केली होती, आणि तारेवरून जाणाऱ्या मजकुराला जकातनाका नसतो. सागरी जकातीच्या कायद्याला १९०९ साली जे उत्तर वेष्टन बदलून दिले गेले होते, तेच येथे वेष्टनच काढून टाकून दिले गेले. १९९५ साली डॉन ब्लॅक या अशाच दुसऱ्या माजी पुढाऱ्याने ‘स्टॉर्मफ्रंट’ हे स्थळ आंतरजालावर उघडले. २०१७ साली शार्लट्सव्हिल येथील हिंसेनंतर त्या स्थळाचे नाव नोंदणी कंपनीने काढून घेतले. सुमारे महिनाभराने ते पुन्हा चालू झाले.

अल् कायदा व तिच्या अनुयायांचे फलक २००१ नंतरच्या दशकात वाढले. त्यांची रचना एखाद्या बंदिस्त वाड्यासारखी असे. बाहेरच्या ओसरीवर कोणीही यावे. माजघरात परवलीच्या शब्दाशिवाय प्रवेश नाही. आणि अगदी आतल्या दालनात फक्त जुन्या सभासदांनी शिफारस केलेल्यांनाच. पश्चिमी व अरब राष्ट्रांच्या गुप्तवार्ता खात्यांपुढे तीन मार्ग होते: फलक चालू ठेवून नुसते ऐकत राहणे, फलक बंद पाडणे, किंवा आत शिरून वाद घालणे. सौदी अरबस्तानात २००३ पासून ‘सकीना’ नावाच्या मोहिमेतील धर्मपंडित या तिसऱ्या मार्गाने गेले. ते फलकांवर जात आणि हिंसेचे समर्थन करणाऱ्यांशी शास्त्राधारे वाद करीत. हा मार्ग फार थोड्यांनी अवलंबिला. बहुतेकांचा झगडा पहिल्या दोन मार्गांतच होत राहिला, आणि तो कधी कधी सरकार विरुद्ध अतिरेकी असा न राहता सरकारच्याच दोन खात्यांमधला होई.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २००८ सालचे आहे. ते ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने मार्च २०१० मध्ये उजेडात आणले. अतिरेक्यांचा म्हणून ओळखला जाणारा एक फलक वस्तुतः सौदी सरकार आणि अमेरिकेची सी. आय. ए. यांनीच मांडलेला सापळा होता. तेथे येणाऱ्यांची माहिती मिळे आणि त्यांतून सौदी पोलिसांना कित्येकांना पकडता आले. परंतु इराकमधील अमेरिकन सैनिकांवरील हल्ल्यांचे बेत याच फलकावरून होत आहेत, अशी अमेरिकन सेनाधिकाऱ्यांची खात्री झाली. सी. आय. ए. म्हणे, ऐकण्याची जागा नष्ट करू नका. सेनाधिकारी म्हणत, तुमचे ऐकणे आमच्या शिपायांच्या प्राणांवर बेतते आहे. शेवटी सेनेने तो फलक उद्ध्वस्त केला. त्या धडाक्यात सौदी अरबस्तान, जर्मनी आणि टेक्सस येथील तीनशेहून अधिक संगणकांचे कामकाज विस्कळीत झाले. एकाच राज्याच्या एका हाताने लावलेला दिवा दुसऱ्या हाताने विझविला, आणि त्या झटापटीत शेजाऱ्याचे घर होरपळले.

कोणाचे चुकले? कारकुनी पेशातील माणसाला दोन्ही टिपणे बिनतोड वाटतील. आणि हाच या प्रश्नाचा खरा अवघडपणा आहे. ऐकत राहणाऱ्याला रोज ठरवावे लागते की जे ऐकले ते अजून किती दिवस ऐकून घ्यावयाचे. ज्या दिवशी तो हालचाल करील त्या दिवशी त्याचे ऐकणे संपेल. न करील त्या दिवशी कोणाचा तरी जीव जाईल. २०१० साली अल् कायदाच्या येमेनी शाखेचे इंग्रजी नियतकालिक प्रथम निघाले तेव्हा ब्रिटिश खात्यांनी त्यातील बॉम्बची कृती पुसून तेथे केकच्या पाककृती घातल्या, असे पुढच्या वर्षी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. जगाने त्यावर हसून घेतले. परंतु काही दिवसांनी मूळ मजकूर दुरुस्त होऊन पुन्हा प्रसिद्ध झाला, हे मात्र थोड्यांच्याच लक्षात राहिले.

ऐकणाऱ्याचा दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. जर्मनीत एन. पी. डी. या अतिउजव्या पक्षावर बंदी घालावी म्हणून २००१ साली सरकार व संसदेची दोन्ही सभागृहे घटना न्यायालयात गेली. सुनावणीत असे निघाले की पक्षाच्या पुढाऱ्यांत सरकारच्या गुप्तवार्ता खात्यांचे पगारी बातमीदारच बसलेले आहेत, आणि पुराव्यादाखल दिलेल्या काही उद्गारांचे धनी तेच होते. १८ मार्च २००३ रोजी ते प्रकरण थांबले. सात न्यायाधीशांपैकी तिघांनी ही अडचण दुस्तर मानली, आणि तेवढ्याने आवश्यक बहुमत उरले नाही. पक्षाचा आवाज कोणता आणि सरकारचा कोणता, हे सांगता येईना. कान देण्यासाठी पाठविलेल्या माणसाला टिकून राहण्यासाठी तोंड उघडावे लागते. आणि एकदा तोंड उघडले की तो ज्याची नोंद करावयास गेला त्यातच भर घालू लागतो. जे सभागृहात घडले ते फलकावर, जेथे चेहराच नाही, किती सहज घडेल याची कल्पना करावी.

तिसरा धोका दिशेचा. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे दोन मशिदींत एका वर्णद्वेष्ट्याने गोळीबार केला. ५१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत आपले पाच भारतीयही होते. त्याने हल्ल्यापूर्वी एका फलकावर सूचना टाकली होती आणि हत्याकांडाचे चित्रण प्रत्यक्ष घडतेवेळी जगाला दाखविले. पहिल्या चोवीस तासांत फेसबुकने त्या चित्रणाच्या पंधरा लाख प्रती काढून टाकल्या. न्यूझीलंडच्या राजचौकशी आयोगाचा अहवाल डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मारेकऱ्याचा बेत आधी कळू शकला असता असे आयोगाला म्हणता आले नाही. परंतु देशाच्या सुरक्षायंत्रणेने आपली शक्ती जवळजवळ एकाच प्रकारच्या, म्हणजे इस्लामी, अतिरेकावर एकवटली होती आणि हे अयोग्य होते, असे त्याने स्पष्ट नोंदविले. ज्यांच्यावर पाळत होती त्या समाजातील माणसे मारली गेली, आणि मारणारा पाळतीच्या बाहेर होता. १९०९ सालची ती पेटी येथे पुन्हा आठवते.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. संदेश अडविण्याचा अधिकार मात्र १८८५ च्या तार कायद्यातून, म्हणजे ज्या राजवटीने सावरकरांची पत्रे वाचली तिच्याच दप्तरातून आपल्याकडे आला. त्या अधिकाराला पहिला खरा बांध सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी घातला. हुकूम गृहसचिवाच्याच सहीचा असावा, त्याची मुदत दोन महिने, फार तर सहा महिने असावी, आणि त्याचे पुनर्विलोकन समितीने करावे, असे त्या निर्णयाने ठरविले. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २००९ साली झालेल्या नियमांत हीच चौकट संगणकीय मजकुराला लागू झाली. २०१८ च्या डिसेंबरात दहा यंत्रणांना तसे अधिकार देण्यात आले. २०१७ साली न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तार कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली असली, तरी सही, मुदत आणि समिती हा त्रिविध बंध कायम आहे.

या नियमांत आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे. अडविलेल्या मजकुराचे कागद, त्यांची गरज उरली नसेल तर, सहा महिन्यांत नष्ट करावे, असा नियम आहे. नागरिकाच्या दृष्टीने ही तरतूद योग्यच होय. कोणाचेही खाजगी बोलणे सरकारी कपाटात कायमचे राहू नये. पण तिचा दुसरा अर्थही आहे. इंग्रजांनी आपल्या पाळतीचे कागद जपून ठेवले. त्यांतले मुंबई सरकारच्या दप्तरातील स्वातंत्र्यचळवळीचे कागद १९५७ पासून खंडशः प्रसिद्ध झाले. लंडनमधील ‘इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्स’च्या फायली १९९७ साली अभ्यासकांना खुल्या झाल्या. म्हणून त्या काळी कोणी कोणाचे पत्र वाचले, कोणत्या बातमीवर विश्वास ठेवला आणि कोठे फसले, हे आपण आज ठामपणे सांगू शकतो. आजच्या पाळतीचा हिशेब मागणाऱ्या उद्याच्या इतिहासकाराला मात्र तसे कागद मिळणार नाहीत. इतिहासाचा निवाडा, जो इंग्रज अधिकाऱ्यांना उशिरा का होईना पण मिळाला, तो येथे होणारच नाही.

याचा अर्थ असा की, जो काही निवाडा व्हावयाचा तो त्या साठ दिवसांतच, फाईल टेबलावर असतानाच, झाला पाहिजे. प्रस्ताव लिहिणारा, त्यावर शेरा मारणारा, सही करणारा आणि समितीत बसून तो वाचणारा, एवढीच माणसे त्या प्रकरणातील फिर्यादी, वकील, न्यायाधीश आणि बखरकार आहेत. या मासिकाच्या वाचकांत कित्येकजण दूरच्या राज्यांत अशाच टेबलांशी बसलेले आहेत. ज्याच्याविषयी तो कागद आहे त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो, आणि त्याची बाजू मांडणारे कोणी नसते. कागद नेहमीचाच आहे म्हणून न वाचता पुढे सरकविला, तर कायद्याने घातलेले तिन्ही बंध जागच्या जागी राहूनही निष्फळ होतात.

मॅझिनीची पत्रे फोडणाऱ्या त्या लंडनच्या कारकुनाचे नाव कोणाला माहीत नाही. तो वाईट माणूस असेल असे मला वाटत नाही. त्याच्यापुढे गृहमंत्र्यांचा सहीचा कागद होता आणि त्याने आपले काम सफाईने केले. खसखशीचे दाणे तेवढे सांडले. सांडले नसते तर पार्लमेंटात प्रश्न निघाला नसता, गुप्त कचेरी बंद पडली नसती आणि आपल्यालाही या प्रकरणाचा पत्ता लागला नसता. आजच्या संदेशांत खसखस घालण्याची सोय राहिलेली नाही. ती जागा आता फाइलीवरील प्रामाणिक शेऱ्यालाच भरून काढावी लागेल.